थेंब बंद, श्रेय कॅप्सूलला

हे पत्र इंदूरच्याच एका सूनबाईंचं आहे. बरंच लांब होतं, कामापुरतं देते.

"काकू, आम्ही रामबागेत राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. दोन बाटल्या चालू आहेत, एक रात्री झोपताना आणि एक सकाळ-संध्याकाळ. दीड महिन्यापूर्वी त्यांचा पुण्याचा भाचा आला होता. मेंदू आणि डोळे दोन्हींसाठी म्हणून तो कॅप्सूलचे तीन डबे ठेवून गेला. डब्यावर सिटिकोलिन ५०० मिग्रॅ, ल्युटीन, झियाझॅन्थिन, बीटा कॅरोटीन आणि झिंक असं लिहिलंय. आईंना फारच फरक पडला. आधी दुपारभर पेंगायच्या, तोंड कोरडं पडायचं, काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा. आता टवटवीत असतात, शब्दकोडं सोडवतात, नजर उजळली म्हणतात. पण सकाळ-संध्याकाळच्या बाटलीला त्यांनी रामराम ठोकलाय. त्या बाटलीने डोळे लाल व्हायचे, खाज यायची. कॅप्सूल सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांतच त्यांनी ती बंद केली, मला आत्ता कळलं. म्हणतात, आतून पोषण मिळतंय तर वरून आग कशाला? शिवाय बाबांनाही त्यांनी रोज एक कॅप्सूल द्यायला सुरुवात केली आहे. बाबांना कंपवात आहे, लेवोडोपाच्या गोळ्या चालू आहेत. सिगरेट सुटून १२ वर्षं झाली. हल्ली गोळी घेतल्यावर तासाभराने त्यांची मान आणि खांदे आपोआप वळवळतात. ती नेहमीची थरथर नाही, वेगळंच काहीतरी आहे. हे कॅप्सूलमुळे होतंय का? आणि आईंना काय सांगू? मी तोंड उघडलं की 'तू डॉक्टर आहेस का?' हे ठरलेलं. हे म्हणतात, बरं वाटतंय ना, मग घेऊ दे."

सूनबाई, डॉक्टर मीही नाही. बी. फार्म. करून एकतीस वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभी होते, त्या जोरावर बोलते. तुझं पत्र वाचल्यावर मी कॅप्सूलचा डबा बाजूला ठेवला आणि तुला आधी त्या बंद पडलेल्या बाटलीचा फोटो पाठवायला सांगितलं. तू म्हणाली असशील, काकूंना मी विचारलं काय आणि त्या मागतात काय. पण "दुपारभर पेंगायच्या, तोंड कोरडं पडायचं" हे वाचल्यावर मला त्या बाटलीत काय असणार याचा अंदाज आला होता. फोटो आला आणि तो खराच ठरला. ब्रिमोनिडिन आणि टिमोलॉल, दोन्ही एकाच बाटलीत.

ही दोन्ही औषधं चांगली आहेत. काचबिंदूत डोळ्याच्या आतलं प्रेशर उतरवतात, वर्षानुवर्षं वापरात आहेत. पण डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्यातच राहतो अशी जी आपली समजूत असते, ती चुकीची. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते. रडलं की नाक वाहतं ते तिच्यामुळेच. थेंबातलं औषध त्याच वाटेने नाकात उतरतं आणि तिथल्या ओल्या अस्तरातून थेट रक्तात जातं. ब्रिमोनिडिन रक्तातून मेंदूत पोचलं की गुंगी आणते, थकवा आणते, तोंड कोरडं पाडते. टिमोलॉल हृदयाचे ठोके हळू करते, काहींना गळून गेल्यासारखं वाटतं, मन उदास होतं, आणि दम्याच्या माणसाला तर ते चालतच नाही. वय सत्तरीपुढे गेलं की हा त्रास जास्त जाणवतो. आणि लालीबद्दल म्हणशील, तर ब्रिमोनिडिनची ॲलर्जी ही अगदी नेहमीची गोष्ट. काही महिने नीट चालतं आणि मग एक दिवस डोळे लाल, खाज, पापण्या सुजलेल्या.

आता घरात काय घडलं ते क्रमाने बघ. कॅप्सूल सुरू झाली. चार-पाच दिवसांनी थेंब बंद झाले. मग पेंग गेली, तोंडाची कोरड गेली, लाली गेली, उत्तरं पटापट यायला लागली. दोन गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या. त्यातली एक भाच्याने आणलेली चकचकीत डब्यातली, तिचं कौतुक झालं. दुसरी गुपचूप बंद केलेली, तिचं नावही कुणी काढलं नाही. माझा हिशेब असा, की सासूबाईंच्या टवटवीतपणातला मोठा वाटा कॅप्सूलचा नसून त्या बाटलीची गुंगी उतरल्याचा आहे. शंभर टक्के असंच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तोंडाची कोरड सिटिकोलिनने जात नाही, एवढं मात्र नक्की.

म्हणजे सासूबाईंची तक्रार खरी होती, फक्त तिचा पत्ता चुकला. ही तक्रार त्यांनी चार महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितली असती तर त्यांनी बाटली बदलून दिली असती. काचबिंदूच्या थेंबांचे अनेक प्रकार मिळतात. ब्रिमोनिडिनच्या जागी दुसऱ्या गटातलं काही देता येतं. डोळ्यांत आग होते ती पुष्कळदा औषधाची नसते, बाटलीत टाकलेल्या प्रिझर्व्हेटिव्हची असते, आणि ते नसलेले थेंबही दुकानात मिळतात. मधल्या वयाच्या माणसांत लेझरचाही पर्याय असतो आणि म्हाताऱ्या माणसांतही. पण डॉक्टरांपर्यंत तक्रार पोचली तर ना. आपल्याकडच्या सत्तरीच्या बायका डॉक्टरसमोर "सगळं ठीक" म्हणतात आणि घरी येऊन बाटली देव्हाऱ्यामागे ठेवतात. माझ्या काउंटरवर अशा कितीतरी यायच्या. मीच हिशेब करून विचारायचे, "आजी, ही बाटली महिन्याची, तुम्ही तीन महिन्यांनी कशा आल्या?" मग हसायच्या.

उद्याच्या उद्या डॉक्टरांना फोन कर. खरं काय ते सांग, एवढे आठवडे एक औषध बंद आहे आणि का बंद आहे. तपासणीचा दिवस या आठवड्यातलाच माग. तोवर रात्रीची बाटली एकही दिवस चुकता कामा नये. सकाळ-संध्याकाळची पुन्हा सुरू करायची की नवी मिळेपर्यंत थांबायचं, ते फोनवरच विचारून घे. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनाच ती बाटली नको वाटेल.

इतकी घाई का, तेही सांगते, कारण तुझे यजमान "बरं वाटतंय ना" म्हणतात. काचबिंदूत बरं वाटण्याला काडीचीही किंमत नाही. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि वाहून जातं. अश्रू नव्हेत, ते वेगळे. त्याचा निचरा नीट होत नसेल तर आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. पहिल्यांदा जातात ते कडेचं दाखवणारे. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून शब्दकोडं सुटतं, पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो. कडेला पडलेलं भोक मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, भिंतीला ठिगळ लावावं तसं. माणसाला अंधार दिसत नाही. काही दिसत नाहीये हेच दिसत नाही.

हे मी माझ्या घरात बघितलंय. मी तेव्हा कॉलेजात होते. वडील सकाळी पोह्यांवर जिरावन मसाला टाकायचे आणि डबी उजव्या हाताला, ताटाच्या थोडी पलीकडे ठेवायचे. मग "जिरावन कुठंय?" म्हणून आईवर ओरडायचे. डबी तिथेच असायची. मान वळवली की दिसायची, आणि म्हणायचे, "आत्ता ठेवलीस ना?" वर्षभर आम्ही हसलो त्यावर. एका चष्म्याच्या दुकानात त्यांना सांगितलं गेलं, "काला मोतिया लग रहा है, दिखा लो." आम्ही मराठी माणसं, मोतिया ऐकलं आणि मोतीबिंदू समजलो. मोतीबिंदू काय, सगळ्यांनाच होतो, पिकला की काढतात. पिकायची वाट बघत दोन वर्षं काढली आम्ही. इथे हिंदीत काला मोतिया म्हणतात तो आपला काचबिंदू. मोतीबिंदू म्हणजे सफेद मोतिया. एका शब्दाच्या घोळात उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेली. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत येते, काचबिंदूत गेलेली परत येत नाही. इंदूर-उज्जैन-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत हा घोळ अजून होतो म्हणून इतकं लिहिलं.

तेव्हा सासूबाईंची नजर उजळली की नाही ते दोनच गोष्टी सांगतील. एक प्रेशरचा आकडा. ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतं, पण तुझ्या सासूबाईंसाठी किती हवं ते त्यांची नस किती खराब झालीय त्यावर डॉक्टर ठरवतात. त्यांना विचार, "आईंचं टार्गेट किती?" दुसरी फील्ड टेस्ट. पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. म्हाताऱ्या माणसांना कंटाळा येतो, डोळा लागतो. सकाळच्या वेळेला ने, पोटात काहीतरी असू दे.

आता तुझी कॅप्सूल. तिला मी वाईट म्हणणार नाही, आणि भाच्यालाही नाही.

सिटिकोलिन ही बाहेरून आणलेली अजब वस्तू नाही. आपल्या प्रत्येक पेशीत ती बनते. पेशीचं जे आवरण असतं, त्यातला फॉस्फॅटिडिलकोलिन नावाचा स्निग्ध पदार्थ बनवताना शरीराला ती मधल्या टप्प्यावर लागते. यूजीन केनेडी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ च्या सुमारास ही वाट उलगडून दाखवली. गोळीतून घेतलेली सिटिकोलिन पोटात फुटते, तिचे कोलिन आणि सायटिडिन असे दोन भाग होतात, ते रक्तातून मेंदूत जातात आणि तिथे त्यांची पुन्हा जोडणी होते. कोलिनपासून ॲसिटिलकोलिन बनतं, जे लक्ष आणि स्मरणाच्या कामी येतं. शिवाय डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं कामकाजही वाढतं.

डोळ्याचा याच्याशी काय संबंध, असं वाटेल. आईच्या पोटात बाळाचा डोळा घडतो तेव्हा मागचा पडदा हा मेंदूतूनच बाहेर आलेला कोंब असतो. पडदा आणि नस हा मेंदूचाच तुकडा आहे. पडद्यात डोपामिन असतं, उजेडात नजर जुळवून घ्यायला ते मदत करतं. म्हणूनच सिटिकोलिनने काचबिंदूत सुकत चाललेल्या नसेला काही आधार मिळतो का, हे इटलीतल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकापासून तपासलं. काही छोट्या अभ्यासांत नसेतून जाणारे विजेचे संदेश सुधारलेले दिसले. त्यामुळे काही नेत्रतज्ज्ञ प्रेशरच्या थेंबांच्या जोडीला ती लिहून देतात. जोडीला, थेंबांच्या जागी नाही. सिटिकोलिनने प्रेशर उतरत नाही.

दुसरी बाजूही ऐक. मेंदूसाठी हिची मोठी परीक्षा दोनदा झाली. पक्षाघात झालेल्या २,२९८ रुग्णांवर स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीत झालेली चाचणी २०१२ मध्ये 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्याच वर्षी डोक्याला मार लागलेल्या १,२१३ रुग्णांवरची अमेरिकेतली चाचणीही आली. दोन्हीकडे रोज २,००० मिग्रॅ दिली होती, तुमच्या कॅप्सूलच्या चौपट. दोन्हीकडे सिटिकोलिन घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्यात फरक निघाला नाही. अपायही विशेष झाला नाही, हे खरं.

याच्यासमोर प्रेशर उतरवण्याचा हिशेब ठेव. स्वीडनमध्ये नव्याने निघालेल्या काचबिंदूच्या रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात उपचाराने प्रेशर जेवढं उतरलं, त्यातल्या दर एका मिलिमीटरमागे आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेत, नस अजून शाबूत पण प्रेशर जास्त अशा सोळाशेवर लोकांना निम्मे थेंबांवर आणि निम्मे विनाथेंब ठेवलं. पाच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांत ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, घेणाऱ्यांत ४.४ टक्के. सासूबाईंनी देव्हाऱ्यामागे ठेवलेल्या बाटलीच्या पाठीशी असा पुरावा आहे. भाच्याच्या डब्याच्या पाठीशी नाही.

ल्युटीन आणि झियाझॅन्थिन ही पडद्याच्या मधोमध असलेल्या पिवळ्या ठिपक्याची रंगद्रव्यं. शरीर ती बनवू शकत नाही, खाण्यातूनच घ्यावी लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने दोन मोठ्या चाचण्या केल्या, पहिलीचा निकाल २००१ चा आणि दुसरीचा २०१३ चा. ज्यांच्या पडद्याच्या मधल्या भागाची वयोमानाने झीज झालेली आहे आणि ती मधल्या टप्प्यावर आहे, त्यांना ठराविक मात्रेतली व्हिटॅमिनं आणि झिंक दिल्याने आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. हा फायदा त्या आजाराचा, काचबिंदूचा नाही. मोतीबिंदूही त्याने थांबला नाही. आणि याच दुसऱ्या चाचणीतल्या लोकांची स्मरणशक्ती, विचारशक्ती तपासली तेव्हा ल्युटीनने किंवा माशाच्या तेलाने काहीच फरक पडला नव्हता. "मेंदू आणि डोळे दोन्हींसाठी" हे डब्यावर छापणाऱ्याने २०१५ चा तो निकाल वाचलेला दिसत नाही. किंवा वाचला असेल.

ल्युटीन हवंच असेल तर ते पालकात आहे, मेथीत आहे आणि मक्यात आहे. थोड्या तुपातेलाबरोबर गेलं की अंगी लागतं. म्हणजे सराफ्याच्या रात्रबाजारातला भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस हे काही वाईट ल्युटीन नाही, फक्त रात्री अकराला खाऊ नका. कोलिनही तसंच. अंडी चालत असतील तर एका अंड्यात सुमारे दीडशे मिग्रॅ असतं. चालत नसतील तर शेंगदाणे, दूध आणि सोयाबीन. देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्या खंडवा रोडवर आणि आपण कोलिनसाठी पुण्याहून डबे मागवतो, याची मला गंमत वाटते.

त्या डब्यावर आणखी दोन ओळी शोध. कुठेतरी बारीक अक्षरात "हेल्थ सप्लिमेंट" किंवा "न्यूट्रास्युटिकल" असं असेल आणि "औषधी उपयोगासाठी नाही" अशा अर्थाचं वाक्य असेल. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबरही असेल. तो खाद्यपदार्थाचा परवाना. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तोच. सिटिकोलिनची तीच ५०० मिग्रॅची गोळी औषध म्हणूनही मिळते, तिच्यावर औषधाचा परवाना असतो. माल एकच, पण एकाला औषधाचे नियम लागू आणि दुसऱ्याला खाण्याच्या वस्तूचे. सासूबाईंना हे तूच वाचून दाखव, चष्मा लावूनही ते अक्षर लागायचं नाही. "तू डॉक्टर आहेस का?" म्हणाल्या तर म्हण, मी नाही, पण हा डबाही नाही.

आता बाबा. तुझ्या पत्रात हे शेवटी आलंय, पण मी असते तर सुरुवातीला लिहिलं असतं.

कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं. लेवोडोपाची गोळी मेंदूत जाऊन डोपामिन बनते. सिटिकोलिन लेवोडोपाचा असर वाढवते, ही जुनी आणि पक्की माहिती आहे. इतकी, की सिटिकोलिन दिल्यावर लेवोडोपाची मात्रा कमी करता येते का, हेही काही डॉक्टरांनी करून पाहिलं होतं. म्हणजे बाबांची गोळी तेवढीच राहिली पण असर वाढला असण्याची शक्यता आहे. डोपामिनचा असर गरजेपेक्षा जास्त झाला की मान, खांदे, हात आपोआप वळवळायला लागतात, आणि हे बहुधा गोळी चढल्यावर होतं. तू लिहिलंयस तसंच, तासाभराने. कंपवात जुना झाला की ही वळवळ कॅप्सूलशिवायही येते, म्हणून दोष कॅप्सूलचाच असं मी ठरवणार नाही. ते त्यांचे मेंदूचे डॉक्टर ठरवतील. पण कॅप्सूल बाबांना आजपासून बंद. लेवोडोपा मात्र आपल्या मनाने एक गोळीही कमी करायची नाही. ती अचानक सोडली की माणूस लाकडासारखा ताठतो, आणि ताप चढून जिवावर बेतू शकतं. कॅप्सूल कोणत्या तारखेला सुरू झाली आणि वळवळ कधी दिसली, ते कॅलेंडरवर लिहून काढ. जमलं तर गोळी घेतल्यावर तासाभराने मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ घे. डॉक्टरांना तुझ्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगेल.

बाबांना ही कॅप्सूल नको याचं दुसरं कारण त्यांची सिगरेट. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांना रोज २० मिग्रॅ बीटा कॅरोटीन दिलं, कॅन्सर टळावा म्हणून. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या अशाच चाचणीतही वाढच दिसली. डोळ्यांच्या त्या दुसऱ्या चाचणीत तर सिगरेट सोडलेल्यांमध्येही बीटा कॅरोटीन घेणाऱ्या गटात कॅन्सर जास्त दिसला, आणि म्हणूनच त्याच्या जागी ल्युटीन आणलं गेलं. गाजराचा हलवा बाबांना खुशाल दे, खाण्यातल्या गाजराचा हा प्रश्न नाही. कॅप्सूलमधल्या ढीगभर मात्रेचा आहे.

आणि हे पत्रात तू विचारलं नाहीस, तरी एक. कंपवातात पडद्यातलं डोपामिनही कमी होतं, मग फिकट रंगावरचं फिकट दिसेनासं होतं. बाबा ताटातला भात अर्धा सोडतात का? पांढऱ्या ताटात पांढरा भात असेल तर तो त्यांना नीट दिसतच नसेल. स्टीलचं ताट किंवा गडद रंगाची थाळी करून बघ, आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला लाल पट्टी चिकटव.

सासूबाईंनी कॅप्सूल घ्यावी का? डॉक्टरांना डबा दाखव. ते हो म्हणाले तर औषधाच्या परवान्याची साधी सिटिकोलिन सकाळी घेता येईल. रात्री घेतली तर काहींची झोप उडते, डोकं दुखतं. नाही म्हणाले तर वाद घालू नका. मला विचारशील तर महिनाभर बंद ठेवून, नवी बाटली लागू पडू द्यावी आणि शब्दकोडी तशीच सुटतात का ते बघावं. सुटली, तर तीन डब्यांचा हिशेब त्यांच्या त्याच लावतील, तुला बोलावंही लागणार नाही.

नवी बाटली आल्यावर पहिला आठवडा थेंब तूच घाल. त्यांना आडवं पडू दे. खालची पापणी बोटाने किंचित ओढ, खोबणीत एकच थेंब. दुसरा घालू नकोस, डोळ्यात तेवढी जागाच नसते, गालावर ओघळतो. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. ती नळी बंद राहते, औषध रक्तात कमी जातं आणि गुंगीही कमी. एवढं एक आधी कुणी शिकवलं असतं तर कदाचित ती बाटलीही चालली असती. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख पेनने लेबलवर लिही, महिना झाला की उरलेली टाकून दे. रात्रीच्या काही बाटल्या सील उघडेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात, दुकानदाराने फ्रिजमधून काढून दिली का ते बघून घे. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो, स्कूटरच्या डिकीत बाटली घेऊन भाजी आणायला जाऊ नकोस.

तुझ्या यजमानांचं वय तू लिहिलं नाहीस. काचबिंदू रक्ताच्या नात्यात चालत येतो, आणि आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला असेल तर धोका कितीतरी जास्त. त्यांची चाळिशी झाली असेल तर आईंना न्याल त्याच दिवशी त्यांचीही हनुवटी त्या मशीनवर टेकवायला लाव. बरं वाटतंय म्हणाले तरी.